बेल की कवठ

अप्पांच्या वर्षाच्या पुण्यस्मरणात काही कमी पडू द्यायचं नाही, असं दोन्ही लेकांनी ठरवलं होतं. आणि लेक असं ठरवतात तेव्हा राबायचं बहिणीला असतं. संगमेश्वर लातूरहून फोनवर मांडव सांगत होता, रुद्रेश नांदेडहून फोनवर स्वामींना आमंत्रण देत होता, आणि अहमदपुरात, मार्केट यार्डाच्या मागे, जळतणाच्या वखारीत, त्यांची थोरली बहीण शिवकन्या हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, गहू सडत होती. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. भावांसाठी सुरू झालेलं ते नाव गावाच्या तोंडी इतकं बसलं होतं की आधार कार्डावरचं नाव तिला स्वतःलाच परक्या बाईचं वाटायचं.

अप्पा गेल्यापासून वखारीत ती एकटीच होती. दिवसा गिऱ्हाईक असायचं, काटा असायचा, हमालांशी वादावादी असायची. संध्याकाळी फाटक लोटलं की बोलायला कुणी नसायचं. मग ती उगाच ढिगातलं एखादं लाकूड उचलायची आणि अप्पांना ऐकवावं तसं त्याचं नाव मोठ्यानं म्हणायची, "हिवर." समोरून अप्पांचं होकाराचं "हाव" आलं नाही की ते लाकूड ती परत ढिगात ठेवायची. वर्षभरात त्याची सवय व्हायला हवी होती, झाली नव्हती.

आणि आता ही वखारसुद्धा राहते की जाते, हे आज ठरायचं होतं. संगमेश्वरला तिथं दुकानांचे गाळे बांधायचे होते. कागदावर तिघांची नावं होती. पण दोन्ही भावांच्या विरोधात उभं राहून कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, असं अक्काच्या रक्तातच नव्हतं. एक भाऊ पाठीशी असला की तिला पुरे होतं. तो होता. रुद्रेश मागच्याच आठवड्यात फोनवर म्हणाला होता, "अक्का, मी हाय तंवर वखारीला कुणी हात लावणार न्हाई. अण्णा काय बी म्हणू दे." त्या एका वाक्यावर ती आठवडाभर जगली होती.

कार्याच्या दिवशी सकाळी सिद्धरामचा ट्रॅक्टर फाटकात येऊन थांबला. सिद्धराम त्यांच्या रानातली कामं बघायचा.

"अक्का, जळतण आणलंय. धाकल्या मालकानं सांगितलं, कार्याला घरचंच लाकूड असू द्या."

"कुठलं रे?"

"रानातलंच की. शेततळ्याला जेसीबी आला व्हता उन्हाळ्यात, वाटंत जे जे आलं ते मालकानं पाडाय लावलं. बांधावरच्या बाभळी बिभळी. वाळून खडखडीत झालंय." सिद्धरामला पुढं अर्धापूरला केळीच्या भाड्याला जायचं होतं. त्यानं ट्रॉली उलटी केली, चहाही घेतला नाही आणि गेला.

अक्का हरखली. रुद्र्यानं आठवण ठेवून घरचं लाकूड धाडलं, याचं तिला कौतुक वाटलं. ती पदर खोचून ढीग निवडायला बसली. लाकूड न बघता चुलीत घालायचं नाही, ही अप्पांची शिस्त. लिंब घुसला तर त्याच्या धुरानं हुग्गीला कडसर वास लागतो, आंबा नुसता धुमसतो, सुबाभूळ भडकते आणि भांडं तापायच्या आत राख होते. चूल कशी पेटेल ते लाकूड आधीच सांगत असतं, ऐकणाऱ्याला कान हवेत, असं अप्पा म्हणायचे. आणि असं म्हणून झालं की हमखास कानात काडी घालायचे.

बाभूळ ओळखायला तिला डोळेही लागत नसत. काळी, उभ्या भेगांची साल, बोट फिरवलं की नांगरलेल्या रानातून फिरल्यासारखं. आत तांबूस गाभा. ती तिनं एका बाजूला रचली. दोन ओंडके चिंचेचे निघाले, बाहेरून पिवळसर आणि मधोमध जांभळट काळा ठिपका. हे तासन्‌तास निखारा धरतं, ते भातासाठी ठेवलं. मग तिच्या हाताला साल सोललेले काही तुकडे लागले.

पिवळट पांढरं लाकूड. कापलेल्या तोंडावर गाभा वेगळा दिसत नव्हता, कडेपासून मध्यापर्यंत एकच रंग. रेषा बारीक, घट्ट. एका जागी थोडी साल चिकटून राहिली होती, करड्या रंगाची, नखानं दाबली तर बुचासारखी दबणारी. कवठाचं लाकूडही असंच पिवळट असतं, दोघं चुलत भाऊच म्हणायचे, आणि साल काढली की भलेभले व्यापारी तिथं फसतात. पण कवठाची साल काळपट, टणक आणि भेगाळलेली असते. अक्कानं नखानं एक ढलपी काढली, चुरली आणि नाकाशी धरली.

बेल होता.

बेल त्यांच्या घरी चुलीत जात नाही. आठ दिवसांचं बाळ असल्यापासून गळ्यात लिंग असणाऱ्या घरात, ज्याचं पान देवाच्या डोक्यावर वाहायचं त्याचं खोड भांड्याच्या बुडाखाली जाळ म्हणून घालायचं नाही, एवढं लहान पोरालाही ठाऊक असतं. वखारीत चुकून बेल आला तर अप्पा तो विकत नसत. महादेवाच्या देवळामागं नेऊन ठेवत, तिथं तो आपल्या मरणानं मातीत जाई.

तिनं तुकडा पालथा केला आणि तिचे हात थांबले. लाकडात एक खिळा होता, पुरता आत रुतलेला. त्याच्या भोवतीचं पिवळं लाकूड लोखंडामुळं निळंकाळं पडलं होतं, कापडावर शाई पसरावी तसं.

तो खिळा अप्पांनी ठोकला होता. अव्वाच्या समाधीवरच्या बेलाला, कंदील टांगायला.

अव्वा, म्हणजे त्यांची आई मल्लम्मा, गेली तेव्हा रुद्रेश कडेवरचा होता. शिवकन्या उदगीरहून, सासरहून, मातीला आली आणि परत गेलीच नाही. आधी पोर लहान म्हणून राहिली. मग नवऱ्यानं दुसरी केली, आणि जायचं कुठं हा प्रश्नच मिटला. रानात अव्वाची समाधी बांधली, तिच्या उशाला अप्पांनी बेलाचं रोप लावलं. उन्हाळ्यात शिवकन्या एका काखेत रुद्र्या आणि दुसऱ्या काखेत घागर घेऊन त्याला पाणी घालायला जायची. झाड आणि पोर तिनं एकाच पाण्यावर वाढवलं म्हटलं तरी चालेल. आणि त्या पोरानं जेसीबीला वाट हवी म्हणून ते झाड पाडलं, विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि गड्यांनी त्याची खांडोळी करून सगळ्या जळतणात टाकून दिली.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि मग रागाला जागाच सापडेना. आज त्याला बोलावं तर आज तोच एकटा तिच्या बाजूनं होता. कार्य होऊ दे, मग कान धरीन त्याचा, असं तिनं ठरवलं. बेलाचे तुकडे निवडून पत्र्याच्या भिंतीला बाजूला लावून ठेवले आणि ती अंघोळीला, लिंगपूजेला गेली.

इथंच घात झाला. ती कपाळाला विभूती लावून बाहेर आली तेव्हा चरीवर, जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर, कढई चढली होती, गहू रटरटत होता आणि आचारी रेवणसिद्ध खुशीत होता.

"अक्का, मस्त लाकूड काढून ठेवलं बघा तुम्ही. वाळकं, साल न्हाई, धूर न्हाई. आधी तेच लावलं."

तिनं वळून पाहिलं. पत्र्याजवळची जागा रिकामी होती. चरीत पिवळट लाकडं लाल होत होती, त्यातलं एक दुबेळक्याचं, खोडाला दोन फांद्या फुटतात तिथलं होतं.

आता ती ओढून काढायची तर का ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं, आणि तोवर पाहुण्यांची रीघ लागली होती. संगमेश्वर आणि त्याची बायको आरती लातूरहून गाडीनं आले, मागच्या सीटवर चतुराबाई आत्याला घेऊन. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. डोळ्यांनी अधू, पण नाक असं की शेजारच्या गल्लीतली फोडणी ओळखावी आणि तिच्यात हिंग कमी आहे हेही सांगावं. रुद्रेशही पोचला. पांढरा सदरा, हातात हार. त्यानं अक्काच्या पायाला हात लावला. "लई दमलीस गं," म्हणाला.

आत्या खुर्चीत टेकते न टेकते तोच तिनं मान वर केली.

"शिवकन्ये, ह्यो धूर कशाचा?"

"जळतणाचा, आत्या. कशाचा असणार?" संगमेश्वर हसला.

"तू गप रे. मला बेलाचा वास येऊन राहिलाय." आत्या काठी टेकत चरीकडं निघाली. "अगं बाई, चुलीत बेल घातला का काय कुणी? माझ्या भावाच्या, मलप्पाच्या नावाचं अन्न बेलावर शिजवून स्वामींच्या ताटात वाढणार?"

रेवणसिद्धानं झारा कढईवर आडवा ठेवला. बायका पुढं सरकल्या. स्वामींची गाडी बसस्टँडपर्यंत आल्याचा निरोप नुकताच आला होता.

"अक्काला विचारा की," कुणीतरी म्हणालं. "लाकडाचं अक्का सांगंल."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. अक्कानं रुद्रेशकडं पाहिलं. तो चरीतल्या त्या दुबेळक्याकडं बघत होता. लहानपणी त्या दुबेळक्यात बसून तो पेरू खायचा. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला, हातातला हार खाली लोंबला. आपण काय करून बसलो ते त्याला त्या क्षणी कळलं होतं. त्यानं अक्काकडं पाहिलं, जसं तो शाळेतून पाटी फोडून आल्यावर बघायचा.

खरं बोलायचं तर पुढचा प्रश्न होता, कुठला बेल? आणि त्याचं उत्तर सगळ्या भावकीसमोर, स्वामींसमोर, त्या पोराच्या अंगावर पडलं असतं. आईच्या उशाचं झाड बापाच्या कार्याला जाळलं, हे वाक्य जन्मभर त्याच्या मागं लागलं असतं. आपल्या समाजात असली वाक्यं माणसापेक्षा जास्त जगतात.

अक्का वाकली, चरीच्या कडेचा एक तुकडा उचलून पाहिल्यासारखं केलं.

"कवठ हाय," ती म्हणाली.

"कवठ?" आत्या थबकली.

"हाव. साल सोललेली हाय म्हणून वास तसा येतो. बेल असता तर मी घालू दिला असता का?"

प्रश्न मिटला. लाकडाच्या बाबतीत अक्कानं सांगितलं म्हणजे तिथं पुढं बोलायचं नसतं. आत्या पुटपुटत परतली, झारा पुन्हा फिरू लागला. अक्कानं आयुष्यात लाकडाचं नाव पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं, आणि ते इतकं सहज खपलं याचंच तिला भय वाटलं.

कार्य यथासांग झालं. स्वामींची पाद्यपूजा झाली, पंगती उठल्या. हुग्गी सुरेख झाली होती, लोक बोटं चाटत होते. अक्का सगळ्यांना आग्रह करत फिरली आणि स्वतः जेवली नाही. रुद्रेश तिच्यापासून लांब लांब राहत होता. ती वाढायला आली की त्याला कुणाचा तरी फोन यायचा.

दुपार कलली तशी पाहुणे पांगले. पत्र्याच्या शेडखाली सतरंजी टाकून घरची माणसं बसली. आता वखारीचं बोलायचं होतं. तेवढ्यात चरीजवळचं उरलंसुरलं सरपण सारताना आरती थांबली. ती पोरगी वाईट नव्हती; पण हाती लागलेली गोष्ट चारचौघांत दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"अहो, हे बघा. आत्या, हे हाताला लागतंय का?"

तिच्या हातात एक वाळकी काटेरी फांदी होती, लाकडात अडकून आलेली. तिच्यावर सुकलेली पानं अजून लटकून होती, तीन तीन पानांचं एकेक दल. आत्यानं ती चाचपली. पान कुस्करून हुंगलं.

"बेल," ती हळू म्हणाली. "मी म्हणलं व्हतं."

मग आत्यानं कपाळाला हात लावला. "शिवा शिवा. आता स्वामींच्या कानावर घालू नका रे कुणी. झालं ते झालं. पण शिवकन्ये, तुला कळलं न्हाई? तुला?"

अक्का बोटांनी सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

"कुठल्या गाडीतनं आलं असंल," संगमेश्वर म्हणाला. "बाजारातलं लाकूड, त्यात काय बी येतंय." मग तो तिच्याजवळ सरकून बसला. तो दुष्ट माणूस नव्हता, हेच तर अवघड होतं. "अक्का, राग मानू नको. मी वर्षभर हेच सांगून राहिलो. तुझं वय झालं, नजर पहिल्यासारखी राहिली न्हाई. लाकडाच्या धंद्यात नजरच गेली तर काय राहिलं? उद्या वजनात चूक, माणसात चूक. इथं एकटीनं पडली झडली तर पाणी कोण देणार? लातूरला चल. आरतीनं तुझी खोली बी काढून ठेवलीय."

"हाव, अक्का," आरती म्हणाली. "टीव्ही पण लावून घेतलाय तिथं."

अक्कानं रुद्रेशकडं पाहिलं. तिला वाटलं, आता तो बोलेल. सगळं सांगायचीही गरज नव्हती. 'तिची नजर ठीक हाय, अण्णा,' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. लाकूड कुणी धाडलं ते त्याला माहीत होतं, ती त्याच्याकडं बघून कवठ म्हणाली होती तेही त्यानं पाहिलं होतं.

"रुद्रेश, तुझं काय म्हणणं?" संगमेश्वरनं विचारलं. "तू नको म्हणत होता."

रुद्रेश घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "मी..." तो म्हणाला, "मी अक्कासाठी म्हणत व्हतो. तिला जमतंय असं वाटलं मला." त्यानं पट्टा घट्ट केला. "पण आज बघितलं तर... अण्णा म्हणतो ते बरोबर हाय. तिनं आता आराम करावा."

आत्यानं सुस्कारा सोडला. संगमेश्वरनं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. वर्षभर एकमेकांशी तिरकं बोलणारे दोन भाऊ त्या दुपारी एक झाले, आणि त्यांच्या मधली जागा जिची होती ती बाजूला पडली. एका वाक्यात ती सगळं उलटं करू शकत होती. खिळा राखेत असणार, काढून दाखवता आला असता. अक्का उठली.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि चर विझवायला गेली.

पाणी ओतताना तिच्यामागं रुद्रेश येऊन उभा राहिला.

"अक्का."

"काय रे?"

"एक विचारू? खरं सांग." त्याचा आवाज बसला होता. "तुला सकाळी खरंच कळलं न्हाई ना, ते काय लाकूड हाय ते?"

अक्कानं बादली खाली ठेवली. त्याच्या तोंडाकडं पाहिलं. नांदेडच्या कॉलेजात पोरांना शिकवणारा, कानापाशी पांढरा झालेला माणूस तिच्याकडं अशी आशा लावून बघत होता की तिनं फक्त नाही म्हणावं. ती कळलं होतं म्हणाली तर आज त्यानं बहिणीला विकलं असं झालं असतं. ती नाही म्हणाली तर म्हाताऱ्या बहिणीची काळजी घेतली असं होणार होतं. त्याला दुसरं हवं होतं. तिनं आजवर त्याला हवं ते नाकारलं नव्हतं.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "नजर गेली माझी. मला कवठच वाटलं."

रुद्रेशनं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. त्याचे खांदे सैल झाले, तो चक्क हसला. "मग लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. मी येतो की संगं." तो वाकून पाया पडला आणि झपझप गाडीकडं गेला, परीक्षेतून सुटलेल्या पोरासारखा. अक्काला वाटलं, अव्वा गेली तेव्हाही आपण इतक्या एकट्या नव्हतो. तेव्हा निदान कडेवर हे पोर होतं.

गाड्या गेल्या. दिवे लागायच्या आधी रेवणसिद्ध टेम्पो घेऊन परत आला. उद्याच्या लग्नाचं जळतण हवं होतं त्याला. एरवी तो फाटकातूनच ओरडायचा, "अक्का, तुम्ही द्याल ते टाका," आणि खाटेवर बसून चहा मागायचा. आज तो चप्पल काढून थेट ढिगाकडं गेला.

"तुम्ही बसा अक्का, दमला असाल. मी बघून घेतो."

ती बसली. तो एकेक लाकूड उचलून उजेडाकडं धरत होता, उलटं सुलटं करत होता, दोनदा हुंगत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, तर गावातही पोचली असणार. उन्हापावसानं साल गेलेल्या, करड्या पडलेल्या ओंडक्यांची चळत त्यानं बाभूळ समजून निवडली आणि टेम्पोत टाकायला लागला.

"रेवणसिद्धा, ती सुबाभूळ हाय," अक्का म्हणाली. "भडकन जळंल. निखारा न्हाई धरायची, भात कच्चा राहील."

रेवणसिद्ध थांबला. हातातला ओंडका त्यानं पुन्हा एकदा फिरवून पाहिला, मग तिच्याकडं बघून हसला, वडीलधाऱ्यांचं मन राखायला हसतात तसं.

"असू द्या, अक्का," तो म्हणाला आणि ओंडका टेम्पोत टाकला.

तो माल भरत राहिला आणि ती खाटेवर बसून बघत राहिली.